हरताळाखालची ओळ

“एका माणसानं माह्यावर विश्वास ठेवला नाई, आई. गावानं नाई, सायबानं नाई, सख्ख्या भावानं नाई. नऊ वर्षं झाली. अन् आता पुण्याची बाई म्हणते, पुस्तक बदलून द्या, मंग पाहू. देऊ का बदलून?”

आई लिहीत राहिल्या.

पंचफुलाने थैली खाली आपटली. थैलीत अकरा वह्या होत्या, शंभर पानी, शाळेतल्या पोरांच्या असतात तशा. ओसरीवरची खार आवाजाने खांबावर चढली. आईंची मान काही वर झाली नाही.

मग पंचफुलाने तेच सगळं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून, नि मध्ये मठात बोलू नये असा एक शब्द घालून.

आईंनी ओळ पुरी केली. बोरू दौतीला टेकवला. डाव्या कानातला कापसाचा बोळा काढला, उजव्या कानातला काढला, दोन्ही पाटीवर शेजारी शेजारी ठेवले नि मग पाहिलं.

“दंडवत. कधी आली?”

पंचफुलाने कपाळाला हात लावला. चूक तिचीच. नऊ वर्षं या ओसरीवर बसत होती, आधी कान पाहायला हवे होते.

पोथीची नक्कल करताना आई कानात कापूस घालत. बाहेरचा शब्द कानात शिरला की तोच बोरूतून उतरतो, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी एकदा त्या लिहायला बसल्या असताना स्वयंपाकघरातून कोणी दूध उतू गेल्याचं ओरडलं, नि देवाच्या चरित्रात भलत्याच ठिकाणी दूध उतू गेलं. तेव्हापासून कापूस.

त्यांचं नाव गोमाई. पण नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. नदीकाठच्या त्या लहानशा मठात त्या पंचेचाळीस वर्षं होत्या, आणि पाच गावांना त्या नुसत्या ‘आई’ होत्या. छापील पोथ्या बाजारात मिळत असताना वर्षाला एक पोथी हाताने उतरवून काढायची, हा त्या मठाचा जुना नेम. तो नेम आता एकट्या आईंच्या बोटांवर उभा होता.

“बस,” आई म्हणाल्या. “आता सांग. शिवी सोडून.”

पंचफुला बसली. पण गप्प बसून सांगणारी बाई ती नव्हे. तिच्या तोंडाला गावात पाटीलसुद्धा टरकून असे. चौथी शिकलेली, नवऱ्याबरोबर नदीच्या रेतीत टरबुजाची वाडी घालणारी, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. जे पोटात तेच ओठात, नि ओठात आलं की समोरच्याने पदर सावरावा.

पोटात काय होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

नऊ वर्षांमागे, वैशाखात, भर दुपारी वरच्या धरणाचं पाणी सुटलं. पाणी सोडण्याआधी भोंगा तीनदा वाजवायचा, अशी रीत आहे. भोंगा झाला की रेतीतली माणसं काठावर येतात. त्या दिवशी भोंगा झाला नाही. पंचफुला काठावर टरबुजं उतरवत होती. तिची धाकटी बहीण बयना पलीकडच्या पट्टीत वेलांवर गवत टाकत होती. आधी पाण्याचा आवाजही आला नाही. आधी टरबुजं आली, वरच्या वाड्यांतली, डुलत, एकमेकांवर आपटत. बयना हसली. कोणाची टरबुजं सुटली ते पाहायला चार पावलं पुढे गेली.

ती तिसऱ्या गावाखाली सापडली.

चौकशी झाली. नथ्थू नावाचा गावचाच माणूस धरणावर चौकीदार होता. तो म्हणाला, भोंगा वाजवला. सरपंचापासून पंचफुलाच्या सख्ख्या भावापर्यंत सगळं गाव म्हणालं, वाजला. नथ्थूच्या चार पोरी, एकीची सुपारी फुटलेली; त्याची नोकरी कोण घालवील? एकटी पंचफुला म्हणत राहिली की वाजला नाही. साहेबाने कागद केला. त्यात एक वाक्य होतं. पंचफुलाला ते पाठ होतं, शाळेतल्या कवितेसारखं: ‘सूचना देऊनही सदर महिला नदीपात्रातून हटली नाही.’

म्हणजे बयना आपल्याच चुकीने मेली.

हे एक वाक्य खोडायला पंचफुला लिहायला बसली. त्यासाठी आधी लिहिता यायला हवं. चौथीचं अक्षर तोवर मोडून गेलं होतं. ते सरळ केलं आईंनी. दुपारी वाडीचं काम सुटलं की ती मठात येई, आईंशेजारी बसून गिरवी. पहिला धडा अक्षराचा नव्हता, हरताळाचा होता. हरताळ म्हणजे पिवळा दगड. तो खलायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा, नि चुकलेल्या अक्षरावर फासायचा. वाळला की वरून नीट अक्षर काढायचं. जात्याच विषारी, बोट तोंडाकडे न्यायचं नाही.

“चुकलं त्यालेच फासायचा,” आईंनी तेव्हा बजावलं होतं. “बरोबर अक्षराले नाई.”

दुसरा धडा शेवटच्या पानाचा. पोथी पुरी झाली की अखेरीला तीन ओळी येतात: शब्द कोणाचा, हात कोणाचा, दोष कोणाचा. शब्द देवाचा. हात लिहिणाऱ्याचा. आणि दोषही लिहिणाऱ्याचाच. जे काही चुकलं असेल ते त्याच्या नावावर. पंचफुलाने दोन लहान पोथ्या उतरवल्या होत्या. दोन्हींच्या शेवटी ‘दोष: पंचफुला’ असं तिने बिनतक्रार लिहिलं होतं.

मग स्वतःच्या अकरा वह्या लिहिल्या, बॉलपेनाने. त्यांच्या अखेरीलाही सवयीने तीन ओळी घातल्या. शब्द: पंचफुला. हात: पंचफुला. दोष… ती ओळ कोरी होती. तिथे कोणाचं नाव घालायचं तेच ठरेना.

वह्यांची झेरॉक्स तिने चार छापणाऱ्यांना धाडली. दोघांनी उत्तर दिलं नाही, एकाने कवितांचं पुस्तक आहे का म्हणून विचारलं, चौथ्याने परत पाठवली ती पावसात भिजून आली. शेवटी तालुक्याच्या वाचनालयातल्या बाईंनी पुण्याचा एक पत्ता दिला. इरा टिपणीस, एजंट. पंचफुलाला वाटलं विम्याची असेल. तसं नव्हतं. ही बाई लिहिणाऱ्याच्या नि छापणाऱ्याच्या मध्ये बसते. लिखाण मनात भरलं तर आपल्या अंगावर घेते नि मोठ्या छापखान्याच्या दारात स्वतः जाऊन उभी राहते.

तिचं पत्र आलं होतं. ती म्हणत होती, रात्रभर वाचलं, झोप लागली नाही. पण आहे असं कोणी छापणार नाही. काही गोष्टी बदला, गुढीपाडव्याच्या आत परत पाठवा, मग मी अंगावर घेते. नाहीतर माफ करा.

पाडव्याला महिना उरला होता.

“वाच,” आई म्हणाल्या.

“काय वाचू? देवाच्या पोथीतला काना तुमी कधी बदलला?”

“नाई.”

“मंग माह्या बहिणीची पोथी मी काऊन बदलू? एवढंच सांगा, का बदलू नको. मी चालली.”

“वाच व माय. पत्र वाच.”

पंचफुलाने चष्मा लावला. खरं सांगायचं तर ती सल्ला विचारायला आलीच नव्हती. ती आली होती आईंच्या तोंडून ‘काडीचाही बदल करू नको’ एवढं ऐकायला. ते ऐकून पुण्याला चार ओळी लिहायच्या, की आमच्या आई नको म्हणतात. पोस्टकार्डसुद्धा पिशवीत घेऊन आली होती.

“पैल्या दोन वह्या काढा म्हणते. वाडी कशी घालतात, आळं किती खोल, कोणाची पट्टी कुठी. दोन वर्षं लागली मले ते लिहाले.”

आईंनी बोरू उचलून तिच्यापुढे धरला.

“हा किती येळा तासला असन?”

“कोणाले माहीत. रोजच तासा लागते.”

“तासलेलं कुठी ठेवते तू?”

पंचफुला बोरूच्या टोकाकडे पाहू लागली.

“कुठी ठेवते?”

“चुलीत जाते ते.”

“मंग काढ. बाई शहाणी दिसते.”

पंचफुलाने चष्म्यावरून पाहिलं. त्रिभुवनात न बदलणारी अशी ही एकच बाई, नि तीच म्हणते काढ. तिला वाटलं, कापसाचा एखादा धागा आत राहिला असावा.

ती पुढे वाचू लागली. बयना पार तिसऱ्या वहीत येते, ती पहिल्याच पानावर यावी, नि तिच्याआधी टरबुजं यावीत, असं त्या बाईचं म्हणणं होतं.

आईंनी डोळे मिटले… ओसरीखाली नदी उन्हात पडली होती, अर्धी रेती, अर्धं पाणी.

“टरबुजं आधी येऊ दे,” त्या म्हणाल्या.

मग शिव्यांचं निघालं. पुण्याच्या बाईने शिव्या मोजल्या होत्या. एकशे चौदा. वीस ठेवा म्हणत होती. पंचफुला म्हणाली की तिने हात आखडता घेऊनच लिहिलं होतं. आईंनी विचारलं, सगळ्यात मोठी कोणती? पंचफुलाने सरपंचाला घातलेली वाचून दाखवली, सबंध. आई पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

“ही ठेव,” पाणी पिऊन त्या म्हणाल्या. “बाकीच्या हिच्या पोटातच येतात.”

पंचफुलाचा पारा चढतच होता. मागच्या कव्हरावर ‘एका निरक्षर बाईची कहाणी’ असं छापू, लोकांना नवल वाटतं, असंही पत्रात होतं.

“तू चौथी शिकली ना?”

“पैल्या नंबरानं.”

“ते कळव तिले. नंबरासकट.”

निदान एका ठिकाणी तरी आई आपल्या बाजूने आहेत, असं पाहून पंचफुला जरा निवली. पण पुढची ओळ तिने आईंकडे न पाहता वाचली. पुस्तकात नवरा फारच गरीब आहे, असं त्या बाईला वाटत होतं. त्याने लिहायला आडकाठी केली, वह्या जाळल्या, हात उगारला, असं काही असतं तर वाचणाऱ्याचा जीव गुंतला असता.

लहानू, म्हणजे पंचफुलाचा नवरा, हात उगारील तर माशीवर. वह्या त्यानेच बाजारातून आणून दिल्या होत्या, रेघा जवळ जवळ आहेत की लांब ते बोटाने मोजून.

“त्याले वाचून दाखवलं?” आईंनी विचारलं.

“दाखवलं.”

“काय म्हणे?”

पंचफुलाने नाक पुसलं. “म्हणे, लिही का मी मारत होतो. माह्यं काय जाते? बयनाचं वाक्य तर खोडल्या जाईन.”

…

खार खांबावरून उतरली, पाटीवरच्या कापसाकडे पाहून परत चढली.

“देऊ का त्याचं नाव, आई? तो देऊन राह्यला खुशीनं.”

“त्यानं देल्लं तरी घेऊ नको.”

“काऊन?”

“दोष त्याचा नाई.”

पंचफुलाने कागद गुडघ्यावर सपाट केला. पुढचं तिने वाचलं नाही, सांगूनच टाकलं. नथ्थूला अखेरीस पश्चात्ताप व्हावा नि त्याने त्याच नदीत उडी घ्यावी, असं एक होतं. नथ्थू तर धडधाकट आहे, सकाळीच सायकलवर गेला. आणि त्याला लागूनच सातवं: पुस्तकात दोषी फार झाले. चौकीदार, सरपंच, साहेब, भाऊ, सगळं गाव. वाचणारा दमतो. एकच माणूस ठरवा, ज्याच्या बोलण्यावर सगळं उलटलं. बाकीचे मागे राहू द्या.

“आता बोला. एक कसा ठरवू? सारं गाव खोटं बोललं, अन् ही म्हणते एक निवड. वांगं हाये का?”

“तुह्या शेवटच्या पानावर दोषाची ओळ कोरी हाये.”

“हाये.”

“म्हणजे तिनं सांगायच्या आधीपासून तू एकच शोधून राहिली.”

पंचफुलाला हे झोंबलं. ती म्हणाली, मग नथ्थूचंच लिहिते. भोंगा त्याच्या हातात होता. चौथ्या वर्षी तो तिच्या अंगणात येऊन रडलाही होता. म्हणाला, लाईन गेली होती, भोंगा वाजेना, नि माणूस धाडायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी उजाडलं तर म्हणे मी तुझ्या अंगणात पाय ठेवला नाही.

“त्याचा गुन्हा हायेच,” आई म्हणाल्या. “पण सायबाचा त्याच्यावर विश्वास बसला होता का?”

“नाई. त्याले घाम फुटला होता.”

“गावावर?”

“नाई. गाव आपल्या माणसाले धरून बोलते, हे सायबाले समजत होतं. दोन दिवस त्यानं कागदच केला नाई. मले म्हणे, बाई, मले तुमचं खरं वाटते.”

“मंग तिसऱ्या दिवशी काय झालं?”

…

पंचफुलाने चष्मा काढला. पत्राची घडी घातली. घडीवर घडी घातली.

“संपलं पत्र,” ती म्हणाली.

“खालची घडी तू उघडलीच नाई.”

“तिथी काई नाई. सही हाये.”

“सही वाच.”

आईंचा आवाज चढला नव्हता. पण नऊ वर्षांत त्या आवाजापुढे पंचफुलाला खोटं बोलता आलं नव्हतं, नि आताही आलं नाही. तिने घडी उघडली. सहीच्या वर एक ओळ होती. पुण्याच्या बाईने लिहिलं होतं की हा बदल नाही, नुसतं विचारते आहे: ‘वही नववी, पान एकेचाळीस. झेरॉक्समध्ये तिथे करडा पट्टा आला आहे, चार-पाच ओळींचा. इथे काय होतं?’

“काय होतं?” आईंनी विचारलं.

“चुकलं होतं. हरताळ फासला.”

“चार ओळी चुकल्या?”

“चुकतात.”

“वही दे.”

पंचफुलाने थैली मांडीखाली घेतली. गावातली दांडगी बाई, जिच्यापुढे पाटील पदर शोधतो, ती लहान पोरीसारखी थैलीवर बसली. आई हात पुढे करून बसून राहिल्या. हात म्हातारा, बोटांच्या पेरांत शाई मुरलेली. किती वेळ धरावा एखाद्या म्हातारीने हात असा…

पंचफुलाने वही दिली.

एकेचाळिसावं पान पांढरं होतं, नि त्यावर मधोमध हळद लावलेल्या अंगासारखा पिवळा पट्टा. पोथीच्या कागदावर हरताळ मिसळून जातो. शाळेच्या वहीत तो ओरडतो. त्यावर पुन्हा काही लिहिलेलंही नव्हतं. नुसता फासला होता, जाड.

आईंनी पदराचं टोक लोट्यात बुडवलं.

पंचफुलाने त्यांचं मनगट धरलं. “आई, विष हाये. हाताले लागन.”

“नऊ वर्षं लागूनच हाये,” आई म्हणाल्या.

पंचफुलाची पकड सुटली.

ओला पदर पट्ट्यावर फिरला. डिंक सुटला. पिवळं पाणी पानावरून ओघळून आईंच्या पांढऱ्या लुगड्यावर पडलं. काजळाची शाई असती तर अक्षरंही त्याबरोबर वाहून गेली असती. पण बॉलपेन पाण्याला दाद देत नाही. खालच्या ओळी एकेक करून वर आल्या, निळ्या, नीट, आईंनीच वळण लावलेल्या.

आईंनी वाचलं. मोठ्याने, बोट ठेवून, पोथी वाचावी तसं.

“तिसऱ्या दिवशी साहेब मठात गेला. म्हणाला, तुम्ही सांगाल ते लिहितो, मठातली बाई खोटं बोलत नाही. आई म्हणाल्या, दरवेळी वाजतो, त्या दिवशीही वाजला असेल. साहेबाने लिहून घेतलं, वाजला. पण आईंच्या कानात कापूस होता. मी नदीवरून ओरडत मठात गेले तेव्हा त्या लिहीत होत्या. मी ओल्या हाताने त्यांचा खांदा धरला, तेव्हा त्यांनी मान वर केली.”

बोट शेवटच्या अक्षरावर थांबलं.

…

नदीकडून वारा आला. पान फडफडलं, ओलं होतं म्हणून उलटलं नाही.

“सात बदल तिनं सांगतले,” आई म्हणाल्या. “एकेकापायी तू भांडत आली. हा कोणं सांगतला?”

“कोणीच नाई.”

“म्या सांगतला?”

“नाई, आई.”

“मंग?”

पंचफुलाला बोलता येईना. तिचं बोलणं अडलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. ते पाहायला तिथे खार होती तेवढी. अखेर तिने जमिनीकडे पाहत सांगितलं, की ज्या हाताने मला अक्षर दिलं त्या हाताचं नाव त्याच अक्षरात कसं घालू? मठाकडे पाच गावं पाहतात. तुमचं वय झालं. आणि तुम्ही काही मुद्दाम बोलला नव्हता.

“पुस्तक तुमच्याबिगर बी खरंच हाये, आई. एवढी एक ओळ नसली तर काय बिघडते?”

“कापूस सायबाले दिसला होता. त्यालेही तसंच वाटलं. एवढा एक कापूस नसला कागदात, तर काय बिघडते.”

…

“तुमाले ठाऊक होतं मी लिहिलं असन म्हणून?”

“तू लिहाले शिकली त्या दिवसापासून वाट पाहून राह्यली.”

पंचफुलाने मान वर केली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती मोडकं अक्षर घेऊन पहिल्यांदा या ओसरीवर आली तेव्हा आईंनी काय शिकायचं, कशाला शिकायचं, काही विचारलं नव्हतं. सरकून जागा करून दिली होती.

“स्वतः काऊन नाई सांगतलं मंग? सायबाकडं जायचं होतं. एक पत्र टाकायचं होतं.” आता तिचा आवाज परत आला होता, नि तो गावातला होता. “नऊ वर्षं माह्या बहिणीच्या नावावर ते वाक्य हाये. तुमी रोज माह्याशेजारी बसत होत्या.”



आईंनी पाटीवरचे कापसाचे दोन बोळे उचलले. पंचफुलाला वाटलं, झालं. आता कानात घालतील, बोरू घेतील, नि आपण उठून जायचं. तसं त्यांनी शंभरदा केलं होतं.

आईंनी बोळे कानात घातले नाहीत. ते एकेचाळिसाव्या पानावर ठेवले, नि वही मिटली.

मग थैलीतून त्यांनी स्वतः अकरावी वही काढली. शेवटचं पान उघडून पंचफुलासमोर ठेवलं. शब्द. हात. दोष. तिसऱ्या ओळीपुढचा कोरा कागद उन्हात चकचकत होता.

पंचफुलाचा हात सवयीने दौतीकडे गेला. बोरू तिच्या बोटांत आला तेव्हा आईंनी तो काढून घेतला.

“यानं नको. हे धुतल्या जाते.”

पंचफुलाने थैलीच्या तळाशी चाचपून बॉलपेन काढलं. टोपण काढलं. पेन कागदाला टेकलं नि तिथेच राहिलं. शाईचा एक ठिपका तेवढा उमटला.

“नाई होत, आई.”

आई जवळ सरकल्या. पिवळा झालेला हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. तो ओला होता.

“मी सांगतो, तू उतरव. लिही… दोष… गोमाई.”